बारावा अंक

नोएडातल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात रविवारी मी लोकांचे फॉर्म भरून देते. गणिताच्या बाईची निवृत्तीनंतरची हौस म्हणा. रखवालदार ‘सत्ताईस’ म्हणतो आणि शेजारची मुलगी 72 टाइप करते. आपणही सात आधी, वीस मागूनच बोलतो की! पण आधारच्या नंबरात असा घोळ झाला, की स्क्रीनवर लगेच लाल अक्षरं उमटतात. “मॅडमजी, मशीन को कैसे पता?”

मशीनला काहीच माहीत नसतं. नंबरच स्वतःची चूक सांगतो.

29 सप्टेंबर 2010ला नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं. नंबराचे पहिले अकरा अंक यादृच्छिक. त्यांत राज्य नाही, जन्मतारीख नाही. पहिला अंक 0 किंवा 1 नसतो, म्हणजे 8000 कोटी नंबर शक्य. बारावा मात्र त्या अकरांवरून काढतात. ही रीत याकोबुस व्हर्हूफ या डच गणितज्ञाची, 1969ची. लोक चुकतात कसे, हे त्याने आधी मोजलं: सुमारे 79 टक्के चुकांत एकच अंक बदललेला, 10 टक्क्यांत शेजारचे दोन उलटे. (डच लोकही सात आधी, वीस मागून म्हणतात. गडी योग्य देशात जन्मला!)

नुसती बेरीज इथे कुचकामी. 2+7 काय नि 7+2 काय. क्रेडिट कार्डाची लूनची रीत हुशार, पण 09चे 90 झाले तर तिलाही पत्ता लागत नाही. क्रम बदलला की उत्तर बदलेल, अशी क्रिया हवी. बाकरवडीच्या खोक्यातून सुसम पंचकोन कापा, कोपऱ्यांवर खुणा करा. काहीच न करणं धरून तो पाच प्रकारे फिरतो, पाच प्रकारे पालथा पडतो. या दहा हालचाली म्हणजे 0 ते 9. आधी फिरवून मग पालथा घाला, नंतर उलट क्रमाने करा. पुठ्ठा निराळा बसतो. दोन्ही वेळा नुसतंच फिरवलं तर मात्र क्रमाने फरक पडत नाही. म्हणून प्रत्येक स्थानावर अंकांची आधी ठरावीक अदलाबदल करतात, आणि ती शोधणं हीच व्हर्हूफची खरी करामत. शेवटचा अंक असा निवडायचा, की सगळ्या हालचालींनंतर पुठ्ठा मूळ जागी यावा. 236पुढे 3 येतो. 2363 पास, 2633 नापास.

आमचे सेक्रेटरी लाल अक्षरं आली नाहीत की भाडेकरू खरा मानतात. मनाने बारा अंक लिहिले तरी दहांतला एक नंबर या चाचणीत पास होतो. तो कुणाचा आहे, हे मानेसर आणि बेंगळुरूच्या डेटा सेंटरांनाच विचारावं लागतं.