आत्याच्या आजाराची नोंद

१८६६ साली पॅरिसचे शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी आपल्या बायकोच्या माहेरचा इतिहास छापला. त्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या स्तनाच्या कर्करोगाने गेल्या होत्या. हा रोग काही घराण्यांतून खाली उतरतो हे त्यांनी ओळखलं, पण कारण हाती यायला सव्वाशे वर्षं गेली. १९९० मध्ये संशोधक मेरी-क्लेअर किंग यांनी सतराव्या गुणसूत्रावरची त्याची जागा दाखवली. पुढे १९९४ मध्ये बीआरसीए-१ आणि १९९५ मध्ये बीआरसीए-२ ही जनुकं सापडली.

आपल्याकडे बायकांपर्यंत ज्ञान पोचवण्यात बडोदं कधी मागे नव्हतं. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, ते मुलींसाठीही. १९१० पासून गावोगाव ग्रंथालयं निघाली आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी चित्रं दाखवण्याची सोय झाली. १९४९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आलं. तरी स्तनाच्या कर्करोगाबद्दल बायकांना पुढे जे सांगितलं गेलं, ते बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरलं: गाठ लागली तर लपवू नका, लगेच दाखवा. सल्ला योग्यच होता आणि आजही आहे. पण गाठ येण्याआधी काही कळू शकतं, हे त्यात नव्हतं.

ते घराघरांत पोचवलं एका सिनेनटीने. मे २०१३ मध्ये अँजेलिना जोलीने आपल्यात बीआरसीए-१ मधला दोष असल्याचं आणि दोन्ही स्तन काढून घेतल्याचं जाहीर केलं. तिची आई ५६व्या वर्षी कर्करोगाने गेली होती. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक जनुकावर पेटंट घेता येणार नाही असा निकाल दिला. या जनुकांच्या चाचणीवरची तिथली एकाच कंपनीची मक्तेदारी संपली, जनुकवाचनाचं तंत्रही स्वस्त होत गेलं आणि भारतातल्या प्रयोगशाळा ही चाचणी करू लागल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झालेले १०१० भारतीय रुग्ण तपासले होते. त्यांतल्या सुमारे ३० टक्क्यांमध्ये आनुवंशिक दोष निघाला. हे रुग्ण धोका जास्त दिसला म्हणून निवडलेले होते. एरवी स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिक कारण पाच ते दहा टक्क्यांनाच असतं. म्हणून ही चाचणी सरसकट सगळ्यांनी करायची नसते. कुणी करायची, हे बरंचसं घरातल्या आजारांवरून ठरतं.

आणि नेमकी हीच माहिती आपल्याकडे सापडत नाही. मराठी घरं कुलवृत्तान्त छापतात आणि मूळ पुरुषापासूनची वंशावळ जपतात, पण लग्न झालेली लेक त्या कागदावर पुढे सरकत नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरची मुलगी इंदूरला किंवा पुण्याला दिली की तिचं दुखणं सासरचं होतं. त्यात मुलींची लग्नं अडतील म्हणून आजाराचं नावच घ्यायचं नाही. ‘पोटाचं काहीतरी झालं होतं’ एवढंच पुढच्या पिढीच्या हाती येतं, आणि ते ‘पोटाचं’ बीजकोशाचा कर्करोगही असू शकतो.

सगळ्यात मोठा गैरसमज असा, की हा वारसा आईकडूनच येतो. दोष आईत असो वा वडिलांत, तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. वडिलांना स्वतःला बहुतेकदा काही झालेलं नसतं, त्यामुळे संशय येत नाही. म्हणून मावशीइतकंच आत्याबद्दलही विचारायला हवं: कसला आजार होता आणि तो कितव्या वर्षी झाला?

चाचणीला रक्त किंवा लाळ पुरते. शक्यतो ती आधी आजार झालेल्या व्यक्तीची करतात, म्हणजे घरात नेमका कोणता दोष आहे ते कळतं. बाईच्या बीआरसीए-१ मध्ये दोष असेल, तर तिला ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ७२ टक्के असतो. बीआरसीए-२ मध्ये ६९. मग तरुण वयापासून एमआरआय, पुढे मॅमोग्राफी, मुलंबाळं झाल्यावर बीजकोश काढणं, असे मार्ग असतात. स्तन काढणं हा त्यांतला एकच. काही वेळा अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल निघतो. जगातली जनुकांची माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची, त्यामुळे आपल्याकडे असं जास्त घडतं. तेवढ्यावरून शस्त्रक्रिया करायची नसते. हे समजावून सांगायला समुपदेशक लागतो, आणि तो चाचणीच्या आधीही लागतो.

अलीकडच्या वर्षांत आणखी एक बदल झाला. ओलापॅरिबसारखी औषधं नेमकी हा जनुकदोष असलेल्या कर्करोगावर चालतात, त्यामुळे अहवाल आजारी बाईच्या स्वतःच्या उपचारालाही उपयोगी पडू लागला. पण घरातल्या इतरांना त्याचा उपयोग तिने सांगितला तरच. ते ओझं तिच्या एकटीवर टाकणं बरं नव्हे. भावालाही बोलवावं, कारण त्याच्याही मुलींचा प्रश्न आहे. हळदीकुंकवाला आणि महिला मंडळांत होणारी आरोग्याची व्याख्यानं आता पुरुषांनाही खुली करावीत.