फांग-जी ते ईश्वरी : अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाचे पेशीगत कार्य आणि द्रव्यनिश्चिती

औषधी द्रव्याच्या कर्माचा विचार आपण रस, गुण, वीर्य, विपाक व प्रभाव यांच्या आधारे करतो. आधुनिक शास्त्र त्याच कर्माचा शोध वनस्पतीतील कार्यकारी घटक आणि शरीरातील पेशी यांच्या परस्परसंबंधात घेते. चिनी परंपरेतील छिंगहाव या वनस्पतीपासून मिळालेले आर्टेमिसिनिन व त्यासाठी तू यूयू यांना 2015 साली मिळालेले नोबेल पारितोषिक वैद्यवर्गास परिचित आहे. त्याच परंपरेतील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाचे उदाहरण मात्र अधिक सावध करणारे आहे. या आम्लाचे कार्य व त्यातून आपल्या व्यवसायाने घ्यावयाचा बोध येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

ब्रुसेल्स येथील घटना

बेल्जियममधील ब्रुसेल्स शहरातील एका चिकित्सालयात वजन कमी करण्यासाठी स्त्रियांना भूक मंदावणारी आधुनिक औषधे दिली जात. 1990 साली त्या योगात दोन चिनी वनस्पतींच्या चूर्णांची भर पडली. पुढे वृक्कांचे कार्य झपाट्याने खालावलेल्या स्त्रिया रुग्णालयांत येऊ लागल्या. 1993 साली व्हॅनहर्वेगेम व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा नऊ स्त्रियांचा वृत्तान्त ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. कालांतराने रुग्णसंख्या शंभराच्या पुढे गेली व अनेकींना डायलिसिस अथवा वृक्करोपण यांचा आश्रय घ्यावा लागला.

योगात लिहिलेले द्रव्य होते हान फांग-जी, म्हणजे स्टेफानिया टेट्रांड्रा या वेलीचे मूळ. हा वेल आपल्या गुळवेलीच्या कुळातील असून त्यात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल नसते. प्रत्यक्षात आलेल्या मालात ग्वांग फांग-जी, म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची हे सर्वस्वी वेगळ्या कुळातील मूळ होते. बाजारात दोहोंस ‘फांग-जी’ म्हणत. 1994 साली चूर्णांच्या रासायनिक विश्लेषणात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल आढळले, तेव्हा या नामसाधर्म्याचा परिणाम स्पष्ट झाला.

पेशीत काय घडते?

अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल आतड्यातून शोषले जाऊन रक्तामार्गे वृक्कांत पोहोचते. वृक्कनलिकेच्या आरंभीच्या भागातील पेशींच्या आवरणावर सेंद्रिय आम्ले रक्तातून आत ओढून घेणारी वाहक प्रथिने असतात. शरीरातील त्याज्य पदार्थ मूत्रावाटे बाहेर टाकणे हे त्यांचे नित्यकर्म होय. हीच प्रथिने या आम्लासही आत घेतात. त्यामुळे पहिला आघात त्या पेशींवर होतो.

मूळ आम्ल डीएनएशी सहजासहजी संयोग पावत नाही. त्याच्या रेणूत एक नायट्रो गट असतो. पेशीतील विकरे, विशेषतः एनक्यूओ-1 हे विकर, या गटाचे क्षपण करतात व त्यातून अत्यंत क्रियाशील असा अ‍ॅरिस्टोलॅक्टम आयन निर्माण होतो. परक्या द्रव्यांचा निचरा सुकर करणारी पेशीची यंत्रणाच येथे त्या द्रव्यास घातक रूप देते. हा आयन डीएनएमधील अ‍ॅडेनिन व ग्वानिन यांना घट्ट चिकटतो. अ‍ॅडेनिनशी झालेला संयोग पेशीच्या दुरुस्तीयंत्रणेच्या नजरेतून बव्हंशी सुटतो व वृक्काच्या ऊतींत वर्षानुवर्षे टिकून राहतो.

याचे परिणाम दोन प्रकारचे होतात. एक, नलिकेच्या पेशी मृत होतात किंवा त्यांचे विभाजन मध्येच थांबते. अशा पेशींतून येणाऱ्या संकेतांमुळे भोवतालच्या जागेत तंतुमयता वाढून वृक्क आकसतात. दोन, चिकटलेल्या स्थानी डीएनएची प्रत निघताना चूक होते व अ‍ॅडेनिनच्या जागी थायमिन येते. हा बदल पी-53 सारख्या, पेशीवाढीस आवर घालणाऱ्या जनुकात झाला तर कर्करोगाचा पाया घातला जातो. या प्रकारचा बदल एरवी विरळा आढळतो. त्यामुळे अर्बुदातील त्याचा ठसा पाहून कारण ओळखता येते.

ब्रुसेल्सच्या रुग्णांत हेच दिसले. वृक्क निकामी झालेल्या 39 जणांच्या वृक्क व मूत्रवाहिन्या काढून तपासल्या असता 18 जणांत मूत्रमार्गाच्या अस्तराचा कर्करोग आढळला, असे 2000 साली प्रसिद्ध झाले. बाल्कन प्रदेशातील काही खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या आढळणाऱ्या वृक्कविकाराचा उलगडाही याच ठशावरून झाला. तेथील गव्हाच्या शेतांत अ‍ॅरिस्टोलोकिया क्लेमाटायटिस हे तण वाढे व त्याचे बी धान्यात मिसळून पिठात जाई.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2002 साली अ‍ॅरिस्टोलोकियायुक्त वनौषधींना आणि 2012 साली प्रत्यक्ष या आम्लास निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात स्थान दिले. तैवानने 2003 साली अशा औषधींवर बंदी घातली. चीननेही त्याच वर्षी ग्वान मू-थोंग हे अ‍ॅरिस्टोलोकियाजन्य द्रव्य वगळले.

आपला संबंध

हा विषय परदेशाचा म्हणून सोडून देता येणार नाही. अ‍ॅरिस्टोलोकिया इंडिका म्हणजे आपली ईश्वरी, जिला मराठीत सापसंद म्हणतात. अ‍ॅरिस्टोलोकिया ब्रॅक्टिओलाटा म्हणजे कीडामारी. दोहोंत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असते. शिवाय ‘नाकुली’ या नावाने सर्पगंधा घ्यावी की ईश्वरी, याविषयी मतभेद आहेत. रास्ना, शंखपुष्पी आदी संदिग्ध द्रव्यांचा प्रश्न आपण जाणतोच. फांग-जीचा प्रश्न याच जातीचा आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. शतकानुशतके वापरल्या गेलेल्या वनस्पतीचा अपाय पूर्वीच्या वैद्यांच्या ध्यानात कसा आला नाही? आमच्या मते याचे उत्तर वर दिलेल्या पेशीगत क्रियेतच आहे. ज्वर उतरणे, शूल शमणे, वमन होणे ही कर्मे तत्काळ दिसतात व अनुभवाने पारखली जातात. पण ज्या अपायाचा प्रारंभ आज होऊन त्याचे फळ अनेक वर्षांनी दिसते, त्याचा संबंध औषधाशी जोडणे उत्तम निरीक्षकासही दुष्कर असते. परंपरेचा अनुभव मोलाचा आहे. तथापि विलंबित विषाच्या बाबतीत तो एकटा पुरेसा नाही. शोधनाने किंवा क्वाथाने हे आम्ल पूर्णतः नाहीसे होते, असेही गृहीत धरता येत नाही.

वैद्य व औषधनिर्मात्यांचे कर्तव्य

औषधनिर्मात्यांनी कच्चा माल केवळ प्रचलित नावावर न घेता वनस्पतिशास्त्रीय नाव व उपयुक्त अंग यांच्या उल्लेखासह मागवावा. प्रत्येक खेपेचा नमुना जपून ठेवावा. मूळ किंवा खोड चूर्णरूपात घेण्याचे टाळावे, कारण चूर्ण झाल्यावर बाह्य लक्षणे लोपतात. शंका असल्यास सूक्ष्मदर्शीय परीक्षण व टीएलसी किंवा एचपीएलसी परीक्षण करून घ्यावे. प्रतिनिधी द्रव्य वापरताना ते मूळ द्रव्याशी केवळ नावाने नव्हे, तर गुणकर्माने जुळते ना, हे पाहावे.

वैद्यांनी ईश्वरी व कीडामारी यांचा आभ्यंतर प्रयोग करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण न सापडणारा वृक्कविकार, त्याच्या मानाने अधिक पांडुता आणि मूत्रात अल्प प्रथिने असा रुग्ण आल्यास त्याने घेतलेल्या सर्व वनौषधींची चौकशी करावी, रक्तातील क्रिएटिनिन तपासावे व वृक्करोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. संशय आल्यास आयुष औषधांच्या फार्माकोव्हिजिलन्स केंद्रास कळवावे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात द्रव्याचे नाव, रूप व योजना हे तिन्ही जाणण्यावर भर दिला आहे. ब्रुसेल्समध्ये नाव तेवढे ठाऊक होते, रूप कोणी तपासले नाही. आपल्या औषधशाळांत माल उतरवून घेताना होणारी तपासणी म्हणूनच चिकित्सेचाच एक भाग समजली पाहिजे.