स्वस्तातली, पण हलकी नव्हे

फ्रेंच वाईनचा विषय निघाला की बोर्दो आणि बर्गंडीच्या महागड्या बाटल्यांचीच चर्चा होते. साध्या जेवणाबरोबर घ्यायची असेल, तर माझं मत ‘कोत द्यू रोन’ला. रोन नदीच्या खोऱ्यातली, मुख्यतः दक्षिणेकडे आव्हिन्याँच्या आसपास बनणारी ही रेड वाईन. १९३७ साली तिला अधिकृत मानांकन मिळालं. कुठली द्राक्षं, कुठल्या शिवारातली, हे सगळं नियमांनी बांधलेलं आहे.

तरी ती परवडते. खोरं मोठं असल्यानं माल भरपूर. आपल्याकडे साखर कारखान्याला ऊस घालतात, तशी तिथले कित्येक शेतकरी सहकारी वायनरीला द्राक्षं घालतात. शिवाय यातली बरीचशी वाईन ओकच्या महागड्या पिंपांऐवजी सिमेंटच्या किंवा स्टीलच्या टाक्यांत मुरते. लाकडाचा वास नसल्यानं फळाची चव उघडी राहते, आणि मला तीच भावते.

पेला एक तृतीयांशच भरा आणि पांढऱ्या कागदावर तिरका धरा. कडेचा रंग फिका माणकासारखा दिसला, तर तो पातळ सालीच्या ग्रेनाश द्राक्षाचा गुण. पेला फिरवून वास घ्या. आधी रासबेरी-स्ट्रॉबेरीसारखा गोडसर वास येतो, आणि मागून काळी मिरी. ही मिरी कल्पनेतली नव्हे. या वाईनमध्ये ग्रेनाशच्या जोडीला असणाऱ्या सिरा द्राक्षाच्या सालीत रोटंडोन नावाचं द्रव्य असतं, तेच मिरीच्या दाण्यातही असतं. सिरा म्हणजे आपल्या नाशिकमध्ये पिकणारं शिराझच.

आता छोटा घोट घेऊन तोंडात घोळवा. हिरड्या किंचित कोरड्या पडतात, कारण सालीतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं. म्हणूनच नुसती पिताना तुरट वाटणारी ही वाईन, टॅनिनला धरायला मटणातली प्रथिनं मिळाली की मऊ लागते. चव घ्यायची ती जेवतानाच.

आपल्याकडे एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. रेड वाईन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हा सल्ला युरोपातल्या गार घरांसाठी आहे. आपल्या तीस अंशांत अल्कोहोल नाकात जातं आणि फळ हरवतं. बाटली दीड-दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. सोळा अंशांच्या आसपास ती खुलते. साधी कोत द्यू रोन वर्षानुवर्षं जपून ठेवण्यासाठी नसतेच. दोन-चार वर्षांत उघडा, आणि उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा.