काम करता करता शिकलेली मावशी: प्रशिक्षणावर संशोधन कसं करायचं?

सोलापुरातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या वॉर्डात डॉक्टर आणि सिस्टर यांच्याइतकाच महत्त्वाचा आणखी एक माणूस असतो. रुग्णाला कुशीवर वळवणं, अंग पुसणं, बेडपॅन देणं, स्ट्रेचर नेणं, रुग्ण अचानक घामाघूम झाला तर सिस्टरला हाक मारणं ही सगळी कामं त्याची. आपण त्यांना मावशी, मामा किंवा वॉर्डबॉय म्हणतो. कागदोपत्री आता 'जनरल ड्युटी असिस्टंट' किंवा 'रुग्णसहायक' असं नाव असतं.

हे काम शिकायला येणारी व्यक्ती बहुतेक वेळा पोटापाण्याच्या मागे असते. घरी बिडी वळणाऱ्या किंवा टॉवेलच्या कारखान्यात जाणाऱ्या बाईला रोजगार सोडून दोन वर्षं वर्गात बसणं परवडत नाही. तिच्यासाठी दार एकच, ते म्हणजे थोडे पैसे मिळवत, कामावरच शिकणं. म्हणून संशोधनाचा प्रश्न असा: अशा अर्धवेळ शिक्षणातून खरोखर चांगले हात तयार होतात का? उत्तर 'हो' असेल तर हे दार आणखी उघडायला हवं. 'नाही' असेल, तर त्याची किंमत अंथरुणावरचा रुग्ण मोजतो. पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी हा प्रश्न सोडवायला घ्यावा असा आहे, कारण सोपा दिसतो आणि पावलोपावली फसवतो.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू

आपल्याकडे कामावर शिकण्याची कायदेशीर चौकट म्हणजे शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१. २०१९ च्या नियमबदलानुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. २०१६ पासून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार देतं.

संशोधकासाठी महत्त्वाचं आहे कलम १८. त्यात शिकाऊ उमेदवार हा 'कामगार' नसून 'प्रशिक्षणार्थी' आहे असं स्पष्ट म्हटलंय. पण वॉर्डात माणसं कमी असली की हाच प्रशिक्षणार्थी रिकामी जागा भरून काढायला उभा केला जाऊ शकतो. मग बारा महिन्यांत ती बाई शिकली किती आणि नुसती राबली किती? प्रमाणपत्रावर 'एक वर्ष' एवढंच छापलेलं असतं. म्हणून 'प्रशिक्षणाचा कालावधी' हा चल तुमच्या अभ्यासात असेल तर तो महिन्यांत मोजू नका. कोणीतरी शेजारी उभं राहून शिकवलं असे तास वेगळे आणि नुसत्या कामाचे तास वेगळे लिहा.

जामखेड: आठवड्याला शिकायचं, बाकी दिवस गावात

आपल्या करमाळ्यापासून जामखेड फार लांब नाही. तिथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्सना गावांत ठेवून पाहिलं, पण ते जमलं नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. त्या ठरावीक दिवशी जामखेडला यायच्या, शिकायच्या, गावात परत जाऊन ते करायच्या आणि पुढच्या खेपेला अडचणी घेऊन यायच्या. या कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या पद्धतीत 'अर्धवेळ' असणं हीच जमेची बाजू आहे. सलग दोन महिन्यांच्या वर्गात शिकणाऱ्याला अजून प्रश्नच पडलेले नसतात. इथे जुलाब झालेलं मूल आधी समोर येतं आणि त्याबद्दलचा पाठ नंतर होतो. पुढे आशा स्वयंसेविकांच्या प्रशिक्षणातही टप्प्यांची कल्पना दिसते. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात पहिलं २३ दिवसांचं प्रशिक्षण पाच टप्प्यांत, वर्षभरात विभागून ठेवलं होतं.

पण 'पद्धत चांगली वाटते' आणि 'पद्धतीने फरक पडतो' ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसरं सिद्ध करायला मोजमाप लागतं.

गडचिरोली: फरक कसा मोजला?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ३९ गावांमध्ये प्रशिक्षित आरोग्यदूत महिलांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. ४७ गावं तुलनेसाठी होती. आधी १९९३ ते ९५ अशी दोन वर्षं नुसती नोंद केली आणि मग १९९५ ते ९८ काम केलं.

सुरुवातीला नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे ३९ गावांत ६२ होता, तुलनेच्या गावांत ५८. तिसऱ्या वर्षी ३९ गावांत तो २५.५ वर आला. आता वही घ्या. ६२ वरून २५.५ म्हणजे घट सुमारे ५९ टक्के. पण निबंधात निव्वळ घट ६२.२ टक्के दिली आहे. ही वाढीव तीन टक्के कुठून आली? तुलनेच्या गावांतला दर कमी झाला नाही, उलट किंचित वाढला. तो फरक धरला की निव्वळ आकडा मिळतो. तुलनेच्या गावांत दर आपोआप २० टक्क्यांनी घटला असता, तर निव्वळ घट ३९ टक्क्यांच्या आसपासच उरली असती. तुलनेचा गट कशासाठी, हे मुलाखतीत विचारलं तर एवढं उदाहरण पुरेसं आहे.

आणखी एक बारकावा. जन्म-मृत्यूंची नोंद आरोग्यदूतांनी स्वतः केली नाही, त्यासाठी वेगळी माणसं होती. जिच्या कामाची परीक्षा आहे तिनेच निकाल लिहायचा नाही.

आता मर्यादा. गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. शिवाय तिथे नुसतं प्रशिक्षण नव्हतं. पंधरवड्याला पर्यवेक्षण, प्रशिक्षित दाया, आरोग्यशिक्षण हे सगळं सोबत होतं. त्यामुळे 'या संपूर्ण व्यवस्थेमुळे बाळं वाचली' हा निष्कर्ष निघतो, पण 'प्रशिक्षणामुळे वाचली' एवढाच तुकडा वेगळा काढता येत नाही. जे सरकार किंवा संस्था फक्त प्रशिक्षण उचलते आणि पर्यवेक्षण सोडून देते, तिने हा पुरावा स्वतःच्या बाजूने वापरू नये.

'येतं' म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेतले वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये एक साधी उतरंड मांडली. माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवता येतं आणि रोज प्रत्यक्षात करतो, अशा चार पायऱ्या. बेडसोअर टाळायला रुग्णाची कूस ठरावीक वेळाने बदलायची हे लेखी पेपरात लिहिता येणं ही पहिली पायरी. रात्री तीन वाजता, वॉर्ड भरलेला असताना, खरोखर कूस बदलणं ही चौथी. बहुतेक प्रबंध पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी घेऊन पहिल्या पायरीवर थांबतात आणि निष्कर्ष मात्र चौथीवरचा लिहितात. तुमचं साधन ज्या पायरीचं, निष्कर्षही त्याच पायरीचा हवा.

सोलापुरात अभ्यास करायचा झाला तर

तीन खड्डे आधीच ओळखून ठेवा.

पहिला, गळती. समजा ४० जणी आल्या, २२ टिकल्या आणि २० पास झाल्या. निकाल ९१ टक्के की ५० टक्के? दोन्ही आकडे खरे आहेत, पण पहिला एकटाच छापला तर दिशाभूल होते. सोडून गेलेल्या १८ जणींना शोधा. लहान मूल, रात्रपाळीनंतर घरी जायला वाहन नसणं, उशिरा मिळालेलं विद्यावेतन, अशी कारणं असतील तर तोच तुमच्या प्रबंधाचा गाभा ठरू शकतो.

दुसरा, समूह. सहा वॉर्डांत प्रत्येकी दहा प्रशिक्षणार्थी म्हणजे ६० नमुने, असं वाटतं. पण एका वॉर्डातल्या दहाजणींना एकच सिस्टर शिकवते, त्यामुळे त्या एकमेकींसारख्या होतात. हे साम्य, म्हणजे अंतर्समूह सहसंबंध, ०.१ धरला तर १ + (१० − १) × ०.१ = १.९ ने भागावं लागतं. ६० ची ताकद ३२ जणींएवढीच उरते. नमुना ठरवताना हे गणित आधी करायचं, माहिती गोळा झाल्यावर नाही.

तिसरा, निरीक्षकाची हजेरी. तुम्ही वही घेऊन उभे राहिलात की सगळे हात धुतात. म्हणून पहिल्या काही दिवसांच्या नोंदी विश्लेषणात धरू नका, लोकांना तुमची सवय होऊ द्या. शिवाय वॉर्डात रोज किती सॅनिटायझर संपतं अशी आडवाटेची नोंदही ताडून बघा.

संमतीचा कागद पुरेसा नाही

प्रशिक्षणार्थी बाईचं विद्यावेतन आणि प्रमाणपत्र ज्यांच्या सहीवर अवलंबून आहे, त्यांनीच तुमची ओळख करून दिली तर ती 'नाही' कशी म्हणेल? आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा अधिकाराखालच्या व्यक्तींची विशेष काळजी घ्यायला सांगितलंय. व्यवहारात याचा अर्थ असा: संमती वरिष्ठ समोर नसताना घ्या, ती तिला कळेल त्या भाषेत समजावा (सोलापुरात ती तेलुगू किंवा कन्नडही असू शकते) आणि कोणाची नोंद कशी आहे हे दवाखान्याला नावानिशी देणार नाही, हे लेखी ठरवून घ्या. तुमच्या तक्त्यातल्या एका कमी गुणाने कुणाची रोजीरोटी जाऊ शकते. आणि देखरेखीत रुग्णाला थेट धोका दिसला तर नोंद करत न थांबता सिस्टरला लगेच सांगायचं, हेही आराखड्यात आधीच लिहून नीतिमत्ता समितीची मंजुरी घ्या.

आराखडा लिहायला बसण्याआधी एक कोरं पान घ्या आणि चार ओळी लिहा. मी मिलरची कोणती पायरी मोजणार? तुलना कोणाशी करणार? निकाल कोण नोंदवणार? सोडून गेलेल्यांचं काय करणार? चारही उत्तरं लिहिता आली तर मार्गदर्शकांची वेळ घ्या. एखादं अडलं तर आधी दोन दिवस वॉर्डातल्या मावशींशी बोला, अडलेलं उत्तर बऱ्याचदा त्यांच्याकडेच सापडतं.