कीटक नमुन्यांतील प्राचीन डीएनए

कीटक नमुन्यांतील प्राचीन डीएनए : संग्रहालयांत टाचणीवर जतन केलेले जुने कीटक, तसेच गोठलेल्या जमिनीत वा गाळात सापडणारे कीटकांचे अवशेष यांत शिल्लक राहिलेले डीएनए (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्ल, आनुवंशिक माहिती वाहून नेणारे द्रव्य) वेगळे करून त्यातील क्षारकांचा क्रम वाचण्याचे तंत्र. ‘प्राचीन’ ही संज्ञा येथे वयापेक्षा डीएनएच्या अवस्थेला अनुलक्षून वापरली जाते. ज्या नमुन्यातील डीएनएचे लहान लहान तुकडे झाले आहेत व ज्याच्या क्षारकांत रासायनिक बदल झाले आहेत, असा शंभर वर्षांपूर्वीचा नमुनाही या अभ्यासाच्या कक्षेत येतो. कीटकाचे शरीर बाहेरून जसेच्या तसे टिकलेले असले, तरी त्यातील डीएनएही टिकले असेल असे नाही. या विषयातील सर्वांत मोठी चूक हा भेद दुर्लक्षिल्यामुळे झाली.

डीएनएचा ऱ्हास : जिवंत कोशिकेत डीएनएच्या रेणूंची सतत दुरुस्ती होत असते. मृत्यूनंतर ही दुरुस्ती थांबते आणि कोशिकेतीलच एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने) व आतड्यातील सूक्ष्मजंतू डीएनएचे तुकडे करू लागतात. शरीर लवकर वाळले वा गोठले, तर ही क्रिया मंदावते. परंतु जलीय विच्छेदन (पाण्याच्या विक्रियेने रेणू तुटणे) व ऑक्सिडीभवन या क्रिया त्यानंतरही सावकाश चालूच राहतात. जलीय विच्छेदनामुळे ॲडेनीन व ग्वानीन हे क्षारक गळून पडतात आणि तेथे साखळी तुटते. तसेच सायटोसीन या क्षारकाचे युरॅसिलामध्ये रूपांतर होते. उष्णता व आर्द्रता यांमुळे ऱ्हासाचा वेग वाढतो.

या वेगाचे मोजमाप न्यूझीलंडमधील मोआ या नामशेष पक्ष्याच्या १५८ हाडांवरून करण्यात आले (२०१२). सरासरी सु. १३° से. तापमानात २४२ क्षारक-जोड्या लांबीच्या तुकड्यांचा अर्धायुकाल (निम्मे तुकडे नाहीसे होण्यास लागणारा काळ) ५२१ वर्षे आढळला. हा आकडा हाडांचा असल्याने कीटकांना तंतोतंत लागू पडत नाही. तथापि उबदार प्रदेशातील अवशेषांत कोट्यवधी वर्षे डीएनए टिकणे किती असंभाव्य आहे, हे त्यावरून दिसून येते.

इतिहास : क्वागा या झेब्र्याच्या नामशेष उपजातीच्या संग्रहालयातील सु. १४० वर्षांपूर्वीच्या कातड्याला चिकटलेल्या वाळक्या स्नायूतून १९८४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शास्त्रज्ञांनी डीएनए मिळविले आणि या अभ्यासाचा पाया घातला गेला. त्याच सुमारास कॅरी मुलिस यांनी शोधून काढलेली पॉलिमरेज शृंखला विक्रिया प्रचारात आली. या विक्रियेने डीएनएच्या मोजक्या रेणूंपासून त्यांच्या कोट्यवधी प्रती तयार करता येतात. त्यामुळे अत्यल्प अवशेषांचा अभ्यास शक्य झाला. मात्र प्रयोगशाळेतील धूळ, बुरशी वा दुसऱ्या कीटकाचे डीएनए नमुन्यात शिरल्यास त्याच्याही प्रती तितक्याच सहजतेने निघतात.

अंबर म्हणजे वृक्षांतून स्रवलेल्या राळेचे दीर्घकाळाने झालेले कठीण जीवाश्मरूप. त्यात अडकलेल्या कीटकांचे पंख, केस व संयुक्त डोळेही स्पष्ट दिसतात. १९९२ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकातील अंबरामधील डंखहीन मधमाशी (प्रोप्लेबिया डोमिनिकाना) व वाळवी (मॅस्टोटर्मिस इलेक्ट्रोडोमिनिकस) यांपासून डीएनए मिळाल्याचे दोन स्वतंत्र शास्त्रज्ञगटांनी जाहीर केले. या अंबराचे वय त्या वेळी अडीच ते चार कोटी वर्षे मानले जात होते. १९९३ मध्ये तर लेबाननच्या १२ ते १३.५ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरातील एका सोंडकिड्याच्या डीएनएचा क्रम प्रसिद्ध झाला. मायकेल क्रायटन यांच्या जुरासिक पार्क (१९९०) या कादंबरीवरील चित्रपट याच सुमारास प्रदर्शित झाल्याने अंबरातील डासाच्या पोटातील रक्तापासून डायनोसॉर पुन्हा निर्माण करण्याची कल्पना जगभर पसरली.

हे निष्कर्ष पडताळणीत टिकले नाहीत. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील शास्त्रज्ञांनी अंबर व कोपल (पूर्णपणे अंबर न बनलेली, तुलनेने अलीकडची राळ) यांमधील मधमाश्या व माश्या यांवर काटेकोर खबरदारी घेऊन प्रयोग केले, पण कीटकांचे खरेखुरे प्राचीन डीएनए त्यांना आढळले नाही (१९९७). २०१३ मध्ये मँचेस्टर येथील संशोधकांनी कोलंबियातील कोपलमधील डंखहीन मधमाश्या अधिक प्रगत तंत्राने तपासल्या. त्यांतील एक नमुना सु. १०,६०० वर्षांपूर्वीचा, तर दुसरा जेमतेम साठ वर्षांच्या आतला होता. परंतु दोहोंतही प्राचीन डीएनएचा विश्वसनीय पुरावा मिळाला नाही. याउलट मादागास्करमधील वृक्षांच्या दोन व सहा वर्षांपूर्वीच्या राळेत अडकलेल्या भुंगेऱ्यांपासून डीएनए मिळविता आले (२०२०). म्हणजे राळेमुळे डीएनए ताबडतोब नष्ट होत नाही. पण भूवैज्ञानिक काळापर्यंत ते टिकल्याचा ग्राह्य पुरावा नाही. अंबर पूर्णपणे हवाबंद नसते आणि अडकलेल्या कीटकाच्या शरीरात पाणी, एंझाइमे व सूक्ष्मजंतू असतातच. त्यामुळे बाह्य आकार टिकूनही आतील डीएनए नाहीसे होते. १९९०–९५ या काळात वाचले गेलेले क्रम बाहेरून मिसळलेल्या डीएनएचे असावेत, असे आता मानले जाते.

पद्धती : कीटकाचे शरीर लहान असल्याने डीएनएसाठी पूर्वी त्याचा पाय वा उदर कुटून वापरावे लागे. हे प्ररूप नमुन्यांच्या (ज्यांच्यावरून एखाद्या जातीचे मूळ वर्णन करण्यात आले असे नमुने) बाबतीत परवडणारे नव्हते. २००७ मध्ये वाळलेल्या भुंगेऱ्यांसाठी नमुन्याच्या बाह्यरूपाला इजा न करणारी पद्धत प्रसिद्ध झाली. तीत संपूर्ण कीटक प्रथिने पचविणाऱ्या एंझाइमाच्या कोमट विद्रावात कित्येक तास बुडवून ठेवतात. आतील ऊतके (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचे समूह) विरघळून डीएनए विद्रावात उतरते. कायटिनयुक्त बाह्य कंकाल मात्र टिकून राहतो. मग कीटक अल्कोहॉलाने धुऊन व वाळवून पुन्हा टाचणीवर लावतात. या पद्धतीने १८२० पर्यंतच्या संग्रहालयीन भुंगेऱ्यांपासून डीएनए मिळाले. कायम गोठलेल्या जमिनीतील ४७,००० वर्षांपेक्षाही जुन्या अवशेषांवर तिचा प्रयोग झाला, पण यश सु. २६,००० वर्षांपर्यंतच्या अवशेषांपुरते मर्यादित राहिले (२००९).

प्रारंभी मुख्यतः कलकणूंमधील (कोशिकेतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या सूक्ष्म अंगकांमधील) डीएनए अभ्यासले जाई, कारण प्रत्येक कोशिकेत त्याच्या अनेक प्रती असतात. एकाच वेळी कोट्यवधी लहान तुकड्यांचे क्रम वाचणारी यंत्रे २००५ नंतर उपलब्ध झाल्यावर तुटलेले डीएनए ही पूर्वीइतकी मोठी अडचण राहिली नाही. सत्यता ठरविण्यासाठी ऱ्हासाच्या खुणाच उपयोगी पडतात. सायटोसीनापासून झालेले युरॅसिल वाचताना थायमीन म्हणून नोंदले जाते व असे बदल तुकड्यांच्या टोकांशी अधिक आढळतात. हा आकृतिबंध नसेल, तर मिळालेले डीएनए अलीकडचे व बाहेरून आलेले असण्याचा संशय घेतात. याशिवाय स्वतंत्र निर्जंतुक प्रयोगशाळा, नमुना न घालता केलेल्या कोऱ्या चाचण्या आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत पुनरावृत्ती या गोष्टी आवश्यक मानल्या जातात.

उपयोग : सॅन फ्रॅन्सिस्कोच्या वालुकामय किनाऱ्यावर आढळणारे झर्सिस ब्ल्यू हे निळे फुलपाखरू शहराच्या वाढीमुळे १९४० नंतरच्या काही वर्षांतच नामशेष झाले. ती स्वतंत्र जाती होती, की दुसऱ्या एका सर्वत्र आढळणाऱ्या जातीचा केवळ अलग पडलेला समूह, याबद्दल मतभेद होते. शिकागोच्या फील्ड संग्रहालयातील ९३ वर्षांपूर्वीच्या नमुन्याच्या डीएनएवरून ती स्वतंत्र जाती असल्याचे २०२१ मध्ये दाखविण्यात आले.

व्यवहारोपयोगी उदाहरण मेंढ्यांना उपद्रव देणाऱ्या ल्युसिलिया क्युप्रिना या माशीचे आहे. फॉस्फरसयुक्त कार्बनी कीटकनाशकांना ऑस्ट्रेलेशियातील या माश्या दाद देईनाशा झाल्या. ही कीटकनाशके प्रचारात येण्यापूर्वी गोळा केलेल्या नमुन्यांची तपासणी केली असता, मॅलॅथिऑनाला प्रतिकार करणारे जीन (आनुवंशिक घटकाचे) प्रकार त्यांच्यात आधीपासूनच असल्याचे दिसले. डायाझिनॉनाला प्रतिकार करणारा बदल मात्र एकाही नमुन्यात आढळला नाही (२००६). म्हणजे काही प्रतिकार औषधाच्या वापरापूर्वीच माश्यांत होता व औषधाने केवळ त्याची निवड केली. जुने नमुने जतन केलेले नसते, तर हा निर्णय करता आला नसता.

भारतातील कीटकांच्या अनेक जातींचे एकोणिसाव्या शतकातील प्ररूप नमुने लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहेत. भारतात कोलकाता येथील भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था (स्थापना १९१६) व मुंबई येथील बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी (स्थापना १८८३) यांचे कीटकसंग्रह महत्त्वाचे आहेत. गुजरातमधील लिग्नाइटाच्या खाणींतील सु. पाच कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरातील कीटकांचा तपशीलवार अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. बाह्यरचना व जातींचा प्रसार यांच्या दृष्टीने हे कीटक मोलाचे असले, तरी त्यांच्यापासून डीएनएची अपेक्षा करता येत नाही. 

जतन : कीटक मारण्याची व वाळविण्याची रीत यांवर पुढील काळातील अभ्यास अवलंबून असतो. एथिल ॲसिटेटाच्या वाफेत ठेवलेल्या व फॉर्मॅलिनामध्ये जतन केलेल्या नमुन्यांतील डीएनएची हानी होते. तीव्र एथिल अल्कोहॉलात बुडवून थंड जागी ठेवलेल्या किंवा त्वरित वाळविलेल्या नमुन्यांत ते अधिक चांगले टिकते. उष्ण व दमट हवेच्या प्रदेशांत संग्रहालयातील आर्द्रतेवर नियंत्रण ठेवणे विशेष आवश्यक असते. नमुन्यासोबत स्थळ, दिनांक व जतनाची रीत यांची नोंद असावी, तसेच डीएनए काढल्याची नोंदही त्याच्या चिठ्ठीवर करावी, अशी शिफारस करण्यात येते.