जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नव्हती, तेव्हा येडशीला होती!

धाराशिवहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलात की वीसेक किलोमीटरवर येडशी येतं. बहुतेक लोक इथे चहा घेतात, गावाच्या नावावर एखादा विनोद मारतात आणि पुढे जातात. (येडेश्वरी देवीचं मंदिरही इथे नाही बरं का, ते पुढे येरमाळ्यात.) पण मराठवाड्याच्या नकाशात या गावाचं वजन वेगळंच आहे.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. ही गाडी पुढे बालाघाटाचा डोंगर चढून १९११ मध्ये लातूरला पोहोचली. बार्शी आणि लातूर या दोन बाजारपेठांना जोडणारी सरळ रेघ ओढून बघा. ती येडशीजवळून जाते, धाराशिव दक्षिणेला राहतं. त्यामुळे धाराशिवकरांना गाडी पकडायला येडशी गाठावी लागायची.

गंमत म्हणजे बार्शी इंग्रजांच्या हद्दीत आणि येडशी निजामाच्या. बार्शीत गाडीत बसलेला माणूस येडशीला उतरायचा तो दुसऱ्या राज्यात. तिथे हाली सिक्का चालायचा आणि मालावर करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५४ मध्ये रेल्वे सरकारने घेतली. पण धाराशिवला स्वतःचं स्टेशन मिळायला २००७-०८ उजाडलं. ब्रॉडगेज करताना मार्ग तिकडे वळवला, तेव्हा कुठे.

गावाजवळच्या दरीत रामलिंगाचं मंदिर आहे. सीतेला नेणाऱ्या रावणाशी लढून जटायू इथेच पडला, त्याच्यासाठी रामाने बाण मारून पाणी काढलं, अशी लोकांची श्रद्धा. श्रावणी सोमवारी पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. प्रसाद मात्र घट्ट धरा, माकडं तयारच असतात.

याच डोंगरात १९९७ पासून येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे. क्षेत्रफळ फक्त २२.३७ चौरस किलोमीटर. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या ट्रॅप कॅमेऱ्यात चक्क वाघ दिसला! यवतमाळच्या टिपेश्वरमधून शेकडो किलोमीटर चालत आलेला तरुण नर. शेतं, रस्ते, गावं ओलांडत तो आला आणि इथे थांबला.

एवढंसं जंगल वाघाला पुरणार कसं? तो बार्शी तालुक्यातही फिरू लागला, गाई-वासरं मारू लागला. ज्याचं वासरू गेलं त्याला वाघाचं कौतुक कसं वाटेल? वनविभागाने त्याला पकडून सह्याद्रीत सोडायचं ठरवलं. पथकं आली, पिंजरे लागले, पण वाघ आठवडेच्या आठवडे हुलकावण्या देत राहिला. शिवारातल्या लोकांनी मात्र अंधार पडायच्या आत जनावरं गोठ्यात आणायला सुरुवात केली.