मरणाचे कारण कोण ठरवतो?

ओतूरहून माळशेज घाटाकडे निघाले की कल्याण–नगर महामार्गावर डिंगोरे लागते. जुन्नर तालुक्याच्या या पट्ट्यात माणूस अचानक गेला तर कारणे ओळखीची असतात. विहीर, विजेचा धक्का, फवारणीचे औषध, महामार्गावरची धडक, साप, बिबट्या. यांतले नेमके कोणते, आणि त्याच्या आडून कोणी काही केले का, हे ठरवणारी माणसे कोण? त्यांना या कामाचे शिक्षण किती?

पहिला पोलीस पाटील. हे पद नुसते मानाचे नाही. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्यात पाटलावर एक मोठी जबाबदारी टाकलेली होती: आकस्मिक मृत्यू झाला किंवा प्रेत सापडले, तर त्याने गावातली दोन-तीन समंजस माणसे जमवून मरणाच्या कारणाची चौकशी करायची आणि लेखी अहवाल द्यायचा. शंभर वर्षांनी, १९६७ मध्ये महाराष्ट्राने नवा कायदा केला, तेव्हाही ती जबाबदारी कायम राहिली. आज या पदासाठी दहावी उत्तीर्ण, वय २५ ते ४५ आणि गावचा रहिवास एवढे लागते. ऐंशी गुणांची लेखी परीक्षा आणि वीस गुणांची तोंडी मुलाखत घेऊन प्रांताधिकारी नेमणूक करतात. पाटलाला गाव माहीत असते, घरातली भांडणे माहीत असतात, आणि ही माहिती शहरातल्या कोणत्याही तज्ज्ञाकडे नसते. पण मानेवरचा वळ फासाचा की दाबल्याचा, हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

मग ओतूर पोलीस ठाण्यातून अंमलदार येतो. ठाण्यात ‘ए.डी.’ दाखल होते, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद. पंचांसमोर इन्क्वेस्ट पंचनामा होतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ आहे, आणि त्यात अहवाल चोवीस तासांत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे पाठवण्याची मुदत आहे. लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत विवाहिता संशयास्पद रीतीने गेली, तर कार्यकारी दंडाधिकारी म्हणून तहसीलदार किंवा नायब तहसीलदार पंचनाम्याला येतात. त्यांची हयात सातबारा आणि टंचाई आराखड्यात गेलेली असते. पोलीस शिपाई बारावी उत्तीर्ण, उपनिरीक्षक पदवीधर. भरतीच्या वेळी मृतदेह वाचण्याची वेगळी परीक्षा यांतल्या कोणालाच द्यावी लागत नाही.

याने काय बिघडते, ते मण्यार सापाच्या दंशावरून कळते. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूण बहुधा दिसतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, श्वास थांबतो. घरचे म्हणतात झटका आला. नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशावर केलेले काम देशभर माहीत आहे, त्यामुळे या भागात निदान शंका तरी घेतली जाते. पण पंचनामा लिहिणाऱ्याने अंथरुण जमिनीवर होते की खाटेवर, हे विचारलेच नाही, तर ती शंका कागदावर येत नाही. आणि कागदावर न आलेले पुढे कोणी तपासत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून सर्पदंशाने गेलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना दोन लाख रुपये मिळतात. बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास शासन पंचवीस लाख देते. दोन्हींसाठी कारण कागदाने सिद्ध व्हावे लागते. एका शब्दाने घर उभे राहते किंवा मोडते.

शवविच्छेदन ग्रामीण रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी करतात. एम.बी.बी.एस.ला न्यायवैद्यकशास्त्र असते, पण एम.डी. न्यायवैद्यक डॉक्टर म्हटले की पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर. इथल्या डॉक्टरांना बाह्यरुग्ण, बाळंतपण, अपघात सांभाळून शवागारात जायचे असते. निदान कळले नाही की ‘व्हिसेरा राखून ठेवला’ असे लिहून अवयव पुण्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात आणि सगळे सी.ए. रिपोर्टची, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाची, वाट पाहतात. विषतपासणीचे अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवायचे असतात. ते फॉर्मालिनमध्ये गेले, तर उत्तम प्रयोगशाळेचेही हात बांधले जातात.

याच जिल्ह्यात जानेवारी २०२३ मध्ये दौंड तालुक्यातल्या पारगावजवळ भीमेच्या पात्रात एका कुटुंबातल्या सात जणांचे मृतदेह सापडले. आधी सामूहिक आत्महत्येचा अंदाज होता. नंतर पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवून नातेवाइकांना अटक केली. पहिल्या अंदाजावर तपास थांबला असता तर, हा विचार करवत नाही.

मुंबईत १९९९ पर्यंत अशा मृत्यूंची चौकशी करणारा कॉरोनर हे स्वतंत्र पद होते. नंतर तेही काम पोलिसांकडे गेले. इंग्लंडने उलट दिशा धरली. तिथे २०१३ पासून नवा कॉरोनर पाच वर्षांची पात्रता असलेला कायदेतज्ज्ञच लागतो, आणि सप्टेंबर २०२४ पासून कॉरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यू डॉक्टर असलेला वैद्यकीय परीक्षक तपासतो. अमेरिकेत अनेक काउंट्यांमध्ये कॉरोनर निवडणुकीने येतो, वैद्यकीय ज्ञानाची अट नसते. २००९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने ही पद्धत बंद करण्याची शिफारस केली.

आपल्याकडे नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाची घटनास्थळभेट आणली, हे चांगलेच झाले. पण ती गुन्हा दाखल झाल्यानंतरची गोष्ट. ए.डी.चा गुन्हा होतो की नाही, हे त्याआधीच ठरून गेलेले असते, आणि ठरवणारे पाटील आणि अंमलदारच असतात. म्हणून पैसा तिथे घालावा. पोलीस पाटलाच्या नेमणुकीनंतर या एका कामाचे सक्तीचे प्रशिक्षण हवे, आणि जुन्नर–आंबेगावसाठी मंचरला किंवा नारायणगावला एम.डी. न्यायवैद्यक डॉक्टरचे एक कायमचे पद हवे.

तोवर वाचकांना एवढेच सांगणे. घरात कोणी अचानक गेले तर अंघोळ घालण्याची, कपडे बदलण्याची, अंथरुण गुंडाळण्याची घाई करू नका. आधी पाटलाला कळवा. पंचनामा पूर्ण वाचूनच सही करा, आणि पंचनाम्याची व शवविच्छेदन अहवालाची प्रत मागून घ्या.